‘आमची रेस’ की ‘माझी रेस’? मुलांमधली जिद्द त्यांची स्वतःची व्हावी म्हणून

आठशे मीटरची शर्यत संपली. तेरा वर्षांची मुलगी रेषा ओलांडून गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. धाप लागलेली होती, तरी तिने मान वर केली आणि पाहिलं ते थेट प्रेक्षकांत बसलेल्या बाबांकडे. घड्याळाकडे तिचं लक्षही गेलं नाही. बाबा मोबाइल खिशात ठेवत होते. मी जवळ जाऊन विचारलं, “कशी झाली गं?” ती म्हणाली, “चांगली नाही झाली, मॅडम.” तिला अजून तिची वेळ कळलेली नव्हती. निकाल लागला तेव्हा समजलं, की आदल्या शर्यतीपेक्षा ती दोन सेकंद आधी पोचली होती.

मी मुलांना पळायला शिकवते. पालक मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात ते हे: “हिच्यात गुण आहेत, पण जिद्द नाही. ती कशी आणायची?” माझ्या अनुभवात जिद्द बहुतेक मुलांत असतेच. सहा वर्षांची चार मुलं मोकळ्या मैदानावर सोडा, अर्ध्या मिनिटात ‘त्या झाडाला आधी कोण हात लावतो’ सुरू होतं. हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. मग पुढच्या चार-पाच वर्षांत ती शर्यत मुलांच्या हातून निसटून मोठ्यांकडे जाते. वेळापत्रक मोठ्यांचं, ध्येय मोठ्यांचं, हिरमोडही आधी मोठ्यांचाच. ‘आज आमची रेस आहे’, ‘आमचं टायमिंग सुधारलं’ असं पालक सहज बोलून जातात. त्यात प्रेमच असतं, पण मूल ते ऐकत असतं आणि रेस नक्की कुणाची, हे त्यातून शिकत असतं.

ती रेस मुलाला परत कशी द्यायची, ते इथे मी करते त्या क्रमाने लिहिलं आहे. खेळ कुठलाही असो, क्रम साधारण हाच राहतो.

आधी दोन आठवडे नुसतं बघा

पहिले चौदा दिवस काहीही बदलू नका. वहीत रोज दोन ओळी लिहा. सरावाला निघताना कोण कुणाला घाई करतं? शेवटची शिट्टी झाल्यावर मूल लगेच बूट सोडायला बसतं, की अजून एकदा चेंडू मारून बघतं? घरी खेळाचा विषय कोण काढतं? हरल्यावरचा राग किती वेळ टिकतो आणि तो कुणावर निघतो?

या नोंदींमधून बऱ्याचदा दिसतं, की प्रश्न जिद्दीचा नव्हताच. पहिली शंका झोपेची घ्या. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते, १३ ते १८ वयात ८ ते १० तास. पहाटे सराव, मग शाळा, रात्री उशिरापर्यंत अभ्यास अशा चक्रात सहा तास झोपणाऱ्या मुलाला आळशी म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

दुसरी शंका वाढीची. मुली साधारण ११-१२ व्या वर्षी आणि मुलगे १३-१४ व्या वर्षी झपाट्याने उंच होतात. हातपाय अचानक लांबतात, अंगाचा अंदाज चुकतो, काल सहज जमणारी उडी आज जमत नाही. मुलाला वाटतं, आपण बिघडलो. त्याला एवढंच सांगायचं असतं, की तुझं शरीर नवं झालंय, त्याच्याशी ओळख व्हायला काही महिने लागतील. हे वेळेवर न सांगितल्यामुळे खेळ सोडलेली मुलं मी पाहिली आहेत आणि त्याची खंत मला अजून आहे.

तिसरी गोष्ट वयोगटाची. वयोगट कॅलेंडर वर्षावर ठरतो तेव्हा जानेवारीत आणि डिसेंबरात जन्मलेली मुलं एकाच गटात पळतात. दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक खूप मोठा असतो. १९८५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वरच्या पातळीवर वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या ठळकपणे जास्त निघाली. मोठी दिसणारी मुलं निवडली जातात, त्यांना जास्त सराव मिळतो, ती आणखी पुढे जातात. मागे राहिलेल्या मुलाला वाटतं आपल्यात दम नाही. तुमचं मूल गटातलं धाकटं असेल, तर हे त्याला सोप्या शब्दांत नक्की सांगा.

त्याची ईर्षा कुणाशी आहे?

जॉन निकोल्स या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात एक उपयोगी भेद दाखवला. काही मुलांना ‘मी त्याच्यापेक्षा पुढे’ यात यश दिसतं, काहींना ‘मी काल होतो त्यापेक्षा पुढे’ यात. दोन्ही एकाच मुलात कमी-जास्त असू शकतात आणि चांगल्या खेळाडूत बहुधा दोन्ही असतात. दुसऱ्याला मागे टाकायची इच्छा वाईट नाही. मी ती कधी दाबत नाही, कारण शेवटच्या शंभर मीटरला तीच कामाला येते. पण ती एकटीच असेल, तर वरचढ प्रतिस्पर्धी भेटल्या दिवशी मुलाकडे धरून राहायला काहीच उरत नाही. मग कारणं सुरू होतात, दुखणी सुरू होतात, सोप्या स्पर्धा शोधणं सुरू होतं.

निकोल्सनेच आणखी एक गोष्ट दाखवली. साधारण ११-१२ वर्षांपर्यंत मुलांना कष्ट आणि कुवत यांतला फरक नीट उमगत नाही. लहान मुलाच्या लेखी जो जास्त धडपडतो तोच हुशार. हे वय फार मोलाचं आहे. या वयात रँक, निवड, ‘टॉप थ्री’ यांचा भडिमार केला, तर जो हिशोब मुलाने अजून मांडायलाच घेतला नव्हता तो आपण त्याच्यावर लादतो. नॉर्वेत मुलांच्या खेळांसाठी नियम आहे, की ११ व्या वर्षाआधी क्रमवारी लावायची नाही. त्याच छोट्या देशाने २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णांसह ३७ पदकं मिळवली. या एका नियमामुळे पदकं मिळाली असं मी म्हणणार नाही, पण त्या नियमामुळे त्यांच्या मुलांची धार बोथट झाली नाही, एवढं तर दिसतं.

सूत्रं एकेक करून सोपवा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि पालकांना सगळ्यात जड जाणारीही हीच. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून मांडलं, की आतून येणाऱ्या प्रेरणेला तीन गोष्टींचं खतपाणी लागतं: निर्णयात आपला हात आहे ही भावना, आपल्याला जमतंय ही भावना आणि आपण इथले आहोत ही भावना. दुसरी आणि तिसरी द्यायचा आपण बराच प्रयत्न करतो. पहिली मात्र देताना हात आखडतो.

सुरुवात बॅगेपासून करा. आठ-नऊ वर्षांचं मूल स्वतःची बॅग भरू शकतं. दारावर यादी चिकटवा, ती त्याच्याकडूनच लिहून घ्या आणि मग बॅग तपासू नका. तो एक दिवस बूट विसरेल. विसरू दे. मैदानावर अनवाणी बसून बाकीच्यांचा सराव बघताना त्याला जे वाटेल, ते तुमच्या शंभर सूचनांनी वाटणार नाही. फक्त त्या दिवशी “मी सांगत होते ना” हे वाक्य गिळून टाका.

दहा-अकराव्या वर्षी गजर त्याचा. तुम्ही उठवायचं नाही. आधी एकदा शांतपणे ठरवून घ्या: “उद्यापासून तू उठलास तर मी तुला सोडायला तयार असेन, नाही उठलास तर त्या दिवशी सराव नाही. मी रागावणार नाही.” पहिल्या आठवड्यात दोनदा तरी सराव चुकतो. तेवढ्याने घाबरू नका. तीन आठवडे लोटले तरी तो एकदाही उठत नसेल, तर तीही महत्त्वाची माहिती आहे. तिच्यावर बोलायला हवं. जबरदस्तीने ती झाकली जाते, एवढंच.

बारा-तेराव्या वर्षी प्रशिक्षकांशी बोलण्याचं काम मुलाकडे द्या. परीक्षेमुळे येता येणार नसेल, तर फोन त्याने करायचा. दुखत असेल तर त्यानेच सांगायचं. पंधरा-सोळाव्या वर्षी हंगामातल्या कुठल्या स्पर्धा खेळायच्या, ते मूल आणि प्रशिक्षक मिळून ठरवतील. तुम्ही खर्च आणि प्रवास जमतो का, तेवढं सांगा.

प्रशिक्षकांसाठीही एक साधी गोष्ट आहे. माझ्या सरावाची शेवटची पंधरा मिनिटं मुलांची असतात. काय करायचं ते त्यांनी ठरवायचं, फक्त का करतोय ते मला एका वाक्यात सांगायचं. सुरुवातीला सगळे पकडापकडीच खेळले. दोन महिन्यांनी एकजण म्हणाला, “मॅडम, मला वळणावर बाहेर फेकल्यासारखं होतं, तेवढंच करतो.” तो वळणाचा सराव मी सांगितला असता, तर त्याने नाक मुरडलं असतं.

ध्येय निकालाच्या अलीकडे बांधा

‘पहिलं यायचं’ हे ध्येय मूल मनात ठेवणारच, ठेवू दे. पण मुलाच्या हातात असतं ते या ध्येयाच्या दोन पायऱ्या खाली. निकाल इतरांवरही अवलंबून असतो, स्वतःची कामगिरी बरीचशी आपल्यावर, आणि धावतानाची कृती जवळपास पूर्णपणे आपल्यावर. मोठ्या मुलांना मी नीरज चोप्राचे दोन आकडे देते. टोकियोत त्याने ८७.५८ मीटर भाला फेकला आणि सुवर्ण मिळालं. पॅरिसमध्ये २०२४ साली त्याने ८९.४५ मीटर फेकला, म्हणजे जवळजवळ दोन मीटर जास्त, आणि मिळालं रौप्य, कारण अर्शद नदीमने ९२.९७ मीटर फेकला होता. मुलांना विचारा, “यातला चांगला दिवस कुठला?” यावर ती खूप वेळ भांडतात. ते भांडण त्यांच्या फार उपयोगाचं असतं.

मग कृतीवर या. पीटर गोलवित्झर यांनी ‘असं झालं, तर मी तसं करीन’ या प्रकारच्या संकल्पाचा अभ्यास केला. नुसत्या ‘मी जोर लावीन’पेक्षा असा संकल्प कितीतरी जास्त पाळला जातो, कारण वेळ आल्यावर विचार करत बसावं लागत नाही. आठशे मीटरचं उदाहरण घ्या. या शर्यतीत बहुतेकांचा वेग ढासळतो तो ४०० ते ६०० मीटरच्या टप्प्यात. सुरुवातीचा जोर ओसरलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो. सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलीचा आणि माझा संकल्प असा ठरला: “शेवटच्या फेरीच्या घंटेनंतर पाय जड झाले, तर मी हात मोठे हलवीन आणि समोरच्या मुलीच्या पाठीवरचा नंबर वाचीन.” एवढंच. तिच्या वहीच्या पहिल्या पानावर तिच्याच अक्षरात.

वहीत रोज तीन ओळी पुरतात: आज काय जमलं, कुठे अडलं, उद्या काय करून बघणार. ही वही मोठ्यांनी न विचारता उघडायची नाही. एकदा उघडलीत, की मूल तुमच्यासाठी लिहायला लागतं.

चुरस हे कौशल्य आहे, त्याचा सराव करा

चुरस सगळ्यांना सारखी मानवत नाही. नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ साली मुलांना मासेमारीच्या गळाची रिळं फिरवायला लावली, कधी एकट्याने, कधी जोडीला लावून. अनेकजण जोडीत जास्त वेगाने फिरवू लागले, पण काही मुलं इतकी उत्तेजित झाली की त्यांचा वेग उलट कमी झाला, आणि काहींवर फारसा फरक पडला नाही. सव्वाशे वर्षं झाली, मैदानावर मला हेच तीन गट दिसतात. म्हणून ‘ह्याला टक्कर द्यायला लाव, आपोआप शिकेल’ हे मला पटत नाही.

मी तीन खेळ वापरते. पहिला, मागून-पुढून सुटण्याचा. तीनशे मीटर, हळू मूल तीस-चाळीस मीटर पुढून, वेगवान मूल मागून, अंतरं अशी बेतायची की शेवटी सगळे एका रेषेत यावेत. पुढच्याला पाठलाग झेलायची सवय होते, मागच्याला गाठायची. जे मूल कधीच जिंकत नाही, त्याला पाच-सहा वेळांत एकदा दोरी छातीने तोडता येते. त्यानंतर त्याचा चेहरा बघा.

दुसरा, घड्याळाशिवाय धावायचा. प्रत्येकाने आपली वेळ आधी सांगायची, मग पळायचं. ज्याची वेळ सांगितलेल्या आकड्याच्या सगळ्यात जवळ, तो जिंकला. इथे सगळ्यात हळू धावणारा जिंकू शकतो आणि बढाया मारणारा हमखास हरतो. मुलं आपलं शरीर आतून ऐकायला शिकतात.

तिसरा, रॅकेटच्या आणि चेंडूच्या खेळांसाठी: सामना ८-१० अशा गुणांवरूनच सुरू करायचा आणि बाजू आलटून-पालटून द्यायची. पिछाडीवरून खेळण्याची भीती अशा पन्नास छोट्या सामन्यांत झिजते.

शाबासकी आणि बक्षीस

१९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी दाखवलं, की ‘तू हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुलं पुढे सोपे प्रश्न निवडतात आणि अपयश आलं की लवकर ढेपाळतात. मेहनतीची शाबासकी मिळालेली मुलं अवघड प्रश्न मागून घेतात. ‘ही तर जन्मजात खेळाडू’ हे वाक्य म्हणूनच मी टाळते. पण ‘छान मेहनत’ हेही दहा वेळा म्हटलं की पोकळ होतं. दिसलं ते नेमकं सांगा: “तिसऱ्यांदा पडलीस तरी चौथ्या उडीला रन-अप आखडता घेतला नाहीस.” यातून मुलाला कळतं, की कुणीतरी खरंच बघत होतं.

चूक झाल्यावर काय बोलता, हे त्याहून महत्त्वाचं. अमेरिकेत रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल यांनी लहान मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांना थोडंसंच प्रशिक्षण दिलं: चांगलं दिसलं की लगेच सांगा, चुकीनंतर धीर द्या आणि मग दुरुस्ती दाखवा, शिक्षा आणि टोमणे बंद. १९९२ च्या त्यांच्या अभ्यासात या प्रशिक्षकांकडची ५ टक्के मुलं पुढच्या हंगामात खेळ सोडून गेली, इतरांकडची २६ टक्के. संघांच्या हार-जितीत मात्र तसा फरक नव्हता.

बक्षिसाबद्दल थोडक्यात. १९७३ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात चित्रं काढायला आवडणाऱ्या छोट्या मुलांना ‘काढलंस तर प्रमाणपत्र देऊ’ असं आधी सांगितलं, तेव्हा नंतर त्यांचं आपणहून चित्र काढणं कमी झालं. न सांगता बक्षीस मिळालेल्यांचं झालं नाही. तेव्हा ‘जिंकलास तर सायकल’ नको. हंगाम संपल्यावर सगळ्यांनी मिळून कुठेतरी जा, निकाल काहीही असो.

स्पर्धेचा दिवस आणि परतीचा रस्ता

सकाळी सूचना द्यायच्या नाहीत. जे शिकायचं होतं ते शिकून झालं. प्रेक्षकांतून टाळ्या वाजवा, नाव घेऊन ओरडा, पण ‘पुढे टाक’, ‘पास दे’ असं ओरडू नका. मुलाला एकाच वेळी दोन प्रशिक्षक ऐकू येतात आणि त्याचे पाय घुटमळतात.

परतीच्या रस्त्यावर हरलेल्या मुलाला प्रश्न विचारू नका. पाणी, खाणं, हवी तेवढी शांतता. ते रडलं तर रडू द्या. ‘काही हरकत नाही, खेळच आहे’ हे वाक्य मुलाला बरं वाटावं म्हणून आपण म्हणतो, पण त्याच्यासाठी हरकत असते. हार बोचते याचा अर्थ त्याला मनापासून हवं होतं. ती बोच त्याच्याकडे राहू द्या, तिच्यातूनच तो उद्या गजर लावतो. दुसऱ्या दिवशी, त्यानेच विषय काढला तर, दोन प्रश्न पुरे: “काय जमलं? पुढच्या वेळी काय वेगळं करून बघशील?”

ओढ आटली तर

प्रत्येक हंगामात काही आठवडे असे येतात. आधी विश्रांती द्या. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे, की आठवड्यात निदान एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी असावी आणि वर्षात एकूण सुमारे तीन महिने, महिन्या-महिन्याच्या तुकड्यांत का होईना, मुख्य खेळापासून दूर राहावं. मी एक ढोबळ माप लक्षात ठेवते: आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापुढे जायला नकोत. बारा वर्षांपर्यंत दोन-तीन खेळ खेळू देत. फेडररही लहानपणी टेनिसशिवाय बरेच खेळ खेळत होता.

सोडायची भाषा सुरू झाली, तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. “हा हंगाम संपव, मग महिनाभर थांबू, मग तू ठरव” असं म्हणा आणि शब्द पाळा. मागे सरकणं म्हणजे जिद्द संपणं नव्हे. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने टोकियो ऑलिंपिकमध्ये सांघिक अंतिम फेरी मध्येच सोडली. २०२४ मध्ये पॅरिसहून ती तीन सुवर्णं घेऊन परतली.

काही खुणा दिसल्या, तर मात्र वाट बघत बसू नका. सरावाच्या दिवशीच पोट दुखणं, एका ठरावीक माणसासोबत जायला नको म्हणणं, वजन झपाट्याने घटणं, मुलीची पाळी बंद होणं, पूर्वी हसतं-खेळतं असलेलं मूल गप्प होणं. हा प्रेरणेचा प्रश्न नव्हे. सराव थांबवा, शांतपणे विचारा, मूल सांगेल त्यावर विश्वास ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. पदक, निवड, शिष्यवृत्ती, काहीही यापेक्षा मोठं नाही.

त्या मुलीच्या बाबांशी मी बोलले. त्यांना वाईट वाटलं. ते मुलीवर जीव टाकणारे गृहस्थ आहेत. मी त्यांना एवढंच सुचवलं, की पुढच्या शर्यतींना त्यांनी दूरच्या वळणावर उभं राहावं, जिथून रेषा ओलांडल्यावर ती त्यांना शोधू शकणार नाही. ते तसे उभे राहिले. पहिल्या दोन शर्यतींत ती रेषेवर पोचून गोंधळल्यासारखी इकडेतिकडे बघत राहिली. तिसऱ्या शर्यतीत ती सहावी आली. धाप ओसरायच्या आत माझ्याकडे येऊन म्हणाली, “मॅडम, सहाशेला पाय गेले होते, पण मी नंबर वाचला. दोनशे चौदा.” बाबा वळणावरून चालत येईपर्यंत ती गवतावर मांडी घालून वहीत लिहीत बसली होती.